मदत हवी आहे: जुन्या डीव्हीडी प्लेअरमधून ५.१ स्पीकर संचात खरा सराउंड आवाज कसा मिळवावा?

नमस्कार.

घरी चित्रपटांच्या आणि गायनाच्या मैफलींच्या बऱ्याच डीव्हीडी आहेत व प्लेअरही उत्तम चालतो. संगणकासाठी घेतलेला ५.१ स्पीकर संच (पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर) सध्या वापरात नसल्यामुळे तो या प्लेअरला जोडला आहे. आवाज येतो, परंतु तो सराउंड नाही.

प्लेअरच्या मागील बाजूस चित्रासाठी पिवळे, स्टिरिओ आवाजासाठी पांढरे व लाल आणि त्याशेजारी कोॲक्सियल असे लिहिलेले नारिंगी सॉकेट आहे. एचडीएमआय किंवा ऑप्टिकल आउटपुट नाही. काही प्लेअरना आतच संकुचित डिजिटल आवाज उलगडणारा डिकोडर असल्यामुळे सहा स्वतंत्र ॲनालॉग आउटपुट मिळतात, तीही यात नाहीत. स्पीकर संचाच्या सबवूफरवर ३.५ मिमीची तीन सॉकेट आहेत: हिरवे पुढील दोन स्पीकरांसाठी, काळे मागील दोघांसाठी आणि नारिंगी मधला स्पीकर व सबवूफर यांच्यासाठी. दोन्हीकडे नारिंगी रंग दिसत असला तरी प्लेअरच्या नारिंगी सॉकेटमधून डिजिटल सिग्नल निघतो आणि स्पीकर संचाला ॲनालॉग लागतो, त्यामुळे नारिंगीला नारिंगी जोडण्याचा सल्ला कृपया देऊ नये. दुकानात तो आधीच मिळाला आहे.

सध्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून हिरव्यात केबल लावली आहे. यामुळे पुढचे दोन स्पीकर आणि सबवूफर वाजतात, मागचे दोन व मधला गप्प राहतात. चित्रपटातील संवाद बहुतांशी मधल्या चॅनेलवर असतात; ते डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये मिसळले गेल्यामुळे पार्श्वसंगीत वाढले की संवाद दबतात, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. स्प्लिटर लावून तोच आवाज मागच्या स्पीकरांना देता येईल, पण त्याला सराउंड म्हणणे कठीण आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे डीव्हीडीवरील डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज संकुचित स्वरूपात, जास्तीत जास्त ४४८ केबीपीएस इतक्या वेगाने, कोॲक्सियलमधून जसाच्या तसा बाहेर पाठवता येतो. त्यासाठी प्लेअरच्या मेनूमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (असंकुचित आवाज) ऐवजी ‘रॉ’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ ठेवावे लागते, कारण पीसीएममध्ये या तारेतून दोनच चॅनेल जातात. हा आवाज उलगडून सहा चॅनेल वेगळे करणारा डिकोडर स्पीकर संचात नाही, तेव्हा मध्ये एक स्वतंत्र डिकोडर बॉक्स लागेल, ज्याला एका बाजूने कोॲक्सियल इनपुट आणि दुसऱ्या बाजूने ३.५ मिमीची तीन आउटपुट असतील. एव्ही रिसीव्हरचा (डिकोडर व ॲम्प्लिफायर एकत्र असलेल्या यंत्राचा) पर्याय मला गैरसोयीचा वाटतो: त्याची नेहमीची स्पीकर आउटपुट ॲम्प्लिफायर नसलेल्या स्पीकरांसाठी असतात, माझ्या संचाच्या सबवूफरमध्येच ॲम्प्लिफायर आहे, आणि सर्व चॅनेलचे प्री-आउट (ॲम्प्लिफायरपूर्वीचा सिग्नल देणारी सॉकेट) असलेला रिसीव्हर या जुन्या संचासाठी घेणे परवडणारे नाही.

असा बॉक्स प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा. आवाजात गुणगुण येते का, ओठांच्या हालचाली आणि संवाद यांत फरक पडतो का? काही मैफलींच्या डीव्हीडींवर डीटीएस (डॉल्बी डिजिटलसारखेच दुसरे सराउंड स्वरूप) ट्रॅक आहे, तो स्वस्त बॉक्सना उलगडता येतो की फक्त डॉल्बी? कोॲक्सियलसाठी ७५ ओहमची केबल लागते; पिवळ्या टोकांची व्हिडिओ केबलही तशीच असल्याने दीड मीटरच्या अंतरासाठी ती चालावी असा माझा अंदाज आहे, तो बरोबर आहे का?

शेवटची शंका जुन्या मराठी चित्रपटांविषयी आहे. त्यांच्यापैकी अनेक डीव्हीडींच्या वेष्टनावर डॉल्बी डिजिटल २.० एवढेच छापलेले आहे, आणि काही चित्रपट तर व्हीसीडीवरच आहेत. त्यांतून पाच चॅनेल मुळातच मिळणार नाहीत हे मान्य आहे, तरी निदान संवाद मधल्या स्पीकरवर यावेत यासाठी प्रो लॉजिक टू (दोन चॅनेलच्या आवाजातून मधला व मागचे चॅनेल तयार करणारी डॉल्बीची पद्धत) असलेला बॉक्स शोधावा, की त्या डीव्हीडींसाठी आहे ती हिरव्या सॉकेटची जोडणीच बरी?