मदत हवी आहे: वाळलेल्या बाभळीवरची फळीसारखी बुरशी कोणती?

मांजरा नदीकाठच्या वठलेल्या बाभळीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, ही बुरशी आहे. देठ नाही, थेट खोडाला चिकटलेली. रुंदी १४ सें.मी., पुढे आलेली ९, जाडी ६. वरचा भाग काळा, भेगाळलेला. कडेला मात्र बोटभर गंजासारखी पिवळसर, मखमली पट्टी. खालची छिद्रं इतकी बारीक की भिंगातून एका मिलिमीटरमध्ये पाच-सहा मोजता आली. कापल्यावर आत नळ्यांचे थरावर थर दिसतात, म्हणजे एका पावसाळ्याची नव्हे, बहुवर्षायू. गर गंजकट, लाकडासारखा टणक. ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच काळा पडला; फेलिनसच्या कुळातल्या बुरश्यांची ही खूण.

त्यामुळे गॅनोडर्मा (खोडावरची दुसरी फळीसारखी बुरशी) मी बाजूला ठेवलंय; त्याची खालची पांढरी बाजू नखाने ओरखडली की तपकिरी होते, इथे तसं काही नाही. प्रश्न फेलिनस की फुल्विफोमेस, या एकाच कुळातल्या दोन वंशांपैकी कोणता, एवढाच. फेलिनसमध्ये सहसा सूक्ष्मदर्शकाखाली टोकदार, तपकिरी काटे (सेटी) दिसतात, फुल्विफोमेसमध्ये नसतात, बीजाणू मात्र रंगीत असतात.

बीजाणूंचा ठसा कागदावर २४ तास ठेवूनही उमटला नाही. तुकडा फार कोरडा होता. पाऊस पडून गेल्यावर ताजी कड घ्यावी का? लातूर-बीड भागात ४०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक असलेलं कुणी आहे का? नमुना उन्हात वाळवून कागदी पाकिटात ठेवलाय (प्लॅस्टिकमध्ये बुरा चढतो), अर्धा तुकडा पाठवता येईल. आणि बाभळीवर अशीच कुणाला दिसली असेल तर झाड उभं होतं की पडलेलं, तेही लिहा.