लर्न म्हणजे नुसतं शिकणं का?

लातूरहून: पोरगी आठवीला आहे, पेपरात ‘आय लर्न्ड दॅट ही वॉज इल’ आलं, तिनं ‘तो आजारी आहे हे मी शिकले’ लिहिलं अन् मार्क गेले, मलाबी सांगता येईना, कुणी सांगा ना.

परभणीकर: ताई, तिथं लर्न म्हणजे कळणं. तो आजारी असल्याचं मला कळलं. अन् ‘लर्न बाय हार्ट’ म्हणजे तोंडपाठ करणं, पाढे करतात तसं.

नांदेडहून: भूतकाळात लर्न्ड चालतं, लर्न्टबी चालतं, ते ब्रिटिश इंग्रजीत जास्त. पण विद्वान माणसाला ‘लर्निड’ म्हणतात, स्पेलिंग लर्न्डचंच! पोरं ‘सर लर्न्ड मी’ म्हणतात ते चूक, तिथं टॉट, म्हणजे ‘शिकवलं’, पाहिजे. मराठीत शिकणं-शिकवणं एकाच धातूचं, म्हणून घोळ होतो बगा.

लातूरहून: लय बरं झालं, आजच सांगते तिला.