कामाच्या फिरतीवर चांगलं जेवण कसं शोधायचं? तारे बघून की वॉचमनला विचारून? (ठाणे-बेलापूर पट्टा)

फिरतीवाला_नाशिक

मशीन सर्व्हिसिंगमध्ये आहे. गेली अकरा वर्षं महिन्यातले चार-पाच दिवस महापे, रबाळे नाहीतर वागळे इस्टेटमध्ये जातात. मुक्काम वाशीत. सुरुवातीला सगळ्यांसारखाच मोबाईल काढून साडेचार तारेवालं हॉटेल शोधायचो. आता ते सोडलंय.

तारे देणारा माणूस बहुतेक वेळा शनिवारी रात्री बायकापोरांना घेऊन आलेला असतो. त्याला एसी हवा, फोटोला बरी दिसेल अशी भिंत हवी. मला मंगळवारी दुपारी चाळीस मिनिटांत जेवून परत मशीनसमोर उभं राहायचंय. त्याचं चांगलं वेगळं, माझं वेगळं.

ज्या कंपनीत काम असेल तिथल्या वॉचमनला मी विचारतो, "डबा नसला की तुम्ही कुठे जेवता?" "चांगलं हॉटेल कुठंय?" असं विचारायचं नाही. तसं विचारलं की तो माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघतो आणि वाशीतल्या मॉलचा पत्ता देतो.

असंच महाप्यात एक ठिकाण सापडलं. टायरवाल्याच्या मागे पत्र्याची शेड, पाटी नाही. आत चार बाकडी. एक मावशी भाकरी थापतात, दुसऱ्या तव्यावरची काढून थेट निखाऱ्यावर टाकतात, भाकरी टम्म फुगली की ताटात. त्या दिवशी वाटाण्याची उसळ, सुकटीची चटणी आणि पातळ आमटी. पुन्हा वाढताना "पुरे का?" विचारत नाहीत, ताटाकडे बघून वाढतात. असं ठिकाण कुठल्या ॲपवर सापडणार? मला वाटतं फिरतीवर असताना ॲप बंदच ठेवावं. तुमचं मत सांगा.

कोपरीकर

दादा, भाकरीचं वर्णन झकास, पण तुमचा नियम कच्चा आहे. माझा वागळे इस्टेटमध्ये छोटा वर्कशॉप आहे. कामगार जेवायला कुठे जातात ते चवीवर ठरत नाही, वहीवर ठरतं. जो महिनाभर उधारी लिहून घेतो आणि दहा तारखेला हिशोब करतो, त्याच्याकडे गर्दी. आमच्या गल्लीत दोन खानावळी आहेत. बऱ्या चवीची रोख मागते, तिथे दुपारी माशा. दुसरीकडे रोज तीच बटाट्याची भाजी नि हळदीचं पाणी म्हणावं अशी डाळ, आणि बसायला जागा नाही. तुमचा वॉचमन तुम्हाला दुसरीकडेच पाठवेल, कारण त्याचं खातं तिथे आहे.

ऑडिटताई_पुणे

मला यात वेगळीच अडचण दिसते. मी ऑडिटला येते, काम संपायला रात्रीचे नऊ वाजतात. रबाळ्याच्या आतल्या रस्त्यावर अनोळखी माणसाला "तुम्ही कुठे जेवता" विचारत फिरू? पत्र्याच्या शेडमध्ये एकटी जाऊन बसू? तुम्ही बाकड्यावर बसलात की कुणी वळून बघत नाही. मी बसले की चारही बाकडी गप्प होतात.

तारे मीही बघत नाही. मी लोकांनी टाकलेले फोटो बघते. आत बायका दिसतात का, उजेड किती, रस्ता वाहता आहे का. आणि रिव्ह्यूमध्ये "वॉशरूम" शब्द शोधते. दिवसभर साइटवर काढल्यावर जेवणाआधी तेच हवं असतं. एवढी माहिती वॉचमन देत नाही, ॲप देतं. ॲप बंद ठेवा हा सल्ला पुरुषांपुरता ठेवा.

फिरतीवाला_नाशिक

ताई, बरोबर आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रात्रीचं सोडून देतो, मी दुपारचंच धरून बोलत होतो.

कोपरीकर, वहीचा मुद्दा पटला, पण अर्धाच. वॉचमन कंत्राटी असतो, दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याला उधारी देतं कोण? म्हणून तर त्याला विचारतो.

कोपरीकर

आमच्याकडे देतात. 😀

अकाउंट्सवाला_ऐरोली

सगळे चवीवर बोलताय, बिलाचं काय? फिरतीवरचे लोक महिनाअखेरीस माझ्याकडे येतात आणि म्हणतात, खानावळीत पावती मिळाली नाही. मग पुढच्या वेळी मुकाट्याने महागड्या हॉटेलात जेवतात, कारण तिथे छापील जीएसटी बिल मिळतं. निम्म्या फिरतीवाल्यांचं हॉटेल जीभ ठरवत नाही, क्लेमचा फॉर्म ठरवतो.

गंमत म्हणजे एवढा आग्रह बहुतेक ठिकाणी निरर्थक असतो. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या खानावळीला जीएसटी नोंदणीच लागत नाही, ती ते बिल देणार कुठून? आणि कर्मचाऱ्याच्या जेवणावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, कंपनीला सहसा मिळतही नाही, कायद्यानेच अडवलेलं आहे. म्हणजे 120 रुपयांच्या थाळीला साधी हाताने लिहिलेली, तारीख-सहीची पावती पुरायला हवी. आमच्या साहेबांना हे पटवायला दोन वर्षं लागली. तुमच्या कंपनीत विचारून बघा. नाहीतर आहेच, पनीर बटर मसाला.

आगरी_पोर_बेलापूर

इतका वेळ वाचतोय. सगळे "लोकल, लोकल" म्हणताय, पण लोकल म्हणजे कोण? वाशीच्या मार्केट यार्डात जा. तिथले माथाडी बरेचसे साताऱ्या-पाटणकडचे, म्हणून आसपासच्या खानावळीत भाकरी, खर्डा, मटणाचा रस्सा. सुंदर असतं, मी स्वतः खातो. पण ते साताऱ्याचं. कॉर्नरवरचं डोसेवालं उडुपी शेट्टींचं. या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आगरी-कोळ्यांचं जेवण तुमच्या वॉचमनलाही ठाऊक नाही, कारण तोही बाहेरून आलेला.

आमचं जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, खाडीची मासळी आणि घरचा मसाला. निवटी, बोय, चिंबोरी, आणि नशीब असेल तर जिताडं. हॉटेलवाले "आगरी थाळी" लिहितात आणि त्यात सुरमई देतात. सुरमई समुद्राची, आमच्या खाडीचा तिच्याशी काय संबंध?

आणखी एक. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जुलैमध्ये कुणी "आजच आलेलं पापलेट" म्हणत असेल तर ते बर्फातनं आजच बाहेर आलेलं समजा. साध्या होड्यांना बंदी नसते, त्यामुळे त्या दिवसांत खाडीचंच खावं. यातलं काही तुमच्या ताऱ्यांत दिसतं का?

ऑडिटताई_पुणे

हे आवडलं. पण मग खायचं कुठे? तुम्ही सांगताय ते तर घरातच मिळतं.

आगरी_पोर_बेलापूर

तेच तर दुखणं आहे ताई. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या बाजारात मासळी मिळते, शिजवून देणारे मोजके. गावात काही बायका सांगितलं तर घरून ताट करून देतात. आदल्या दिवशी फोन करावा लागतो.

मिसळप्रेमी

एवढी चर्चा आणि मामलेदारचं नावही नाही? ठाणे स्टेशनला उतरा, मिसळ हाणा, विषय संपला.

कोपरीकर

ठाणेकर म्हणून अभिमान आहेच. पण अकरा वाजता मीटिंग असलेल्या माणसाला साडेनऊला तिखट मिसळ खायला पाठवणं ही दुश्मनी झाली. आमचे इंदूरचे एक पाहुणे मोठ्या हौसेने "तिखट" म्हणाले होते. सगळं प्रेझेंटेशन त्यांनी रुमाल तोंडावर धरून केलं. पहिल्यांदा येणाऱ्याने कमी तिखट सांगावी, लाज बाळगू नये.

हातगाडीविरोधक

स्पष्ट बोलतो, शिव्या घाला. मी फिरतीवर बाहेरचं "शोधत" नाही. मागच्या वर्षी अशाच एका प्रेमळ मावशींच्या शेडमध्ये जेवलो आणि दोन दिवस लॉजच्या खोलीत काढले. क्लायंट तिकडे वाट बघतोय. चव वगैरे सुट्टीत बघावी. भिंतीवर 14 आकडी फूड लायसन्स नंबर लावलेला दिसला तर बसतो, नाहीतर केळी आणि दही.

फिरतीवाला_नाशिक

शिव्या कशाला. पण लायसन्स भिंतीवर असतं, पाणी पिंपातलं असतं. मी पाणी बघतो. पिंपाला झाकण आहे का, पेला बुडवतात की नळ आहे. आणि वरण हाताला चटका देईल इतकं गरम असलं तरच घेतो. अकरा वर्षांत दोनदाच पोट बिघडलं, त्यातलं एकदा मोठ्या हॉटेलच्या बुफेतल्या रशियन सॅलडने.

आगरी भाऊ, पुढच्या बुधवारी महाप्यात आहे. मुक्काम बेलापूरला हलवतो. ते ताटाचं जमेल का? आणि अकाउंट्सवाले, त्याची पावती कशी लिहायची तेही सांगून ठेवा.

आगरी_पोर_बेलापूर

जमेल. पण जिताडं सांगून मिळत नाही, खाडीला वाटलं तर मिळतं. बोय नक्की. मंगळवारी संध्याकाळी मेसेज टाका आणि किती भाकऱ्या खाता ते आधी सांगा, आमच्या भाकऱ्या मोठ्या असतात.

ऑडिटताई_पुणे

माझं पण एक ताट धरा. बुधवारी मी रबाळ्यात आहे. दीड भाकरी.