ग्रँड कॅन्यन साउथ रिम (दरीचा दक्षिण काठ), आईबाबांसोबत मे महिन्यात, किती दिवस ठेवू?

रानवाट:
आम्ही फिनिक्सला राहतो, मे मध्ये आईबाबा पुण्याहून येतायत. बाबा ६८, आयुष्यभर सिंहगड चढलेत पण आता गुडघा त्रास देतोय, तरी त्यांचं एकच चाललंय की खाली थोडं तरी उतरायचंच. सकाळी निघून रात्री परत यावं की राहावं? आणि उतरायचं तर कुठून?

कातळकडा:
एका दिवसात नका करू, जाऊन येऊन सात तास गाडीतच जातात आणि कॅन्यनचे खरे रंग सूर्य उगवताना, मावळताना दिसतात, दुपारी सगळं फिकं वाटतं. दोन रात्री काढा. रिम जवळजवळ ७००० फुटांवर आहे, मे मध्येही रात्री स्वेटर लागतो, फिनिक्सच्या हिशोबाने बॅगा भरू नका. काठाने जाणाऱ्या हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाडी सोडत नाहीत, पार्कच्या शटल बसनेच जायचं, पण ज्यांना चालायला त्रास आहे त्यांना गाडी नेण्याचा वेगळा परवाना गेटवर मिळतो, तो बाबांसाठी नक्की मागा. आणि २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना पार्कच्या प्रवेश फीवर माणशी १०० डॉलर जादा आहेत, बजेटमध्ये धरा.

सातारकर_टेक्ससचा:
उतरण्याबद्दल सांगतो. सिंहगडावर दमलो तर मागे फिरायचं, पुढे उतारच असतो. इथे उलटं आहे, जाताना पाय आपोआप पळतात आणि दमल्यावर चढ सुरू होतो, त्यात जसजसं खाली जाल तसतसं गरम होतं. उतरायला अर्धा तास लागला तर वर यायला तास धरा. साउथ कैबाब ही पायवाट नको, तिथे वाटेत पाणी नाही. आम्ही सासऱ्यांना ब्राइट एंजल या दुसऱ्या पायवाटेवर पहिल्या बोगद्यापर्यंत नेलं, भल्या सकाळी, काठी घेऊन. तेवढ्यानेही कड्याच्या आत शिरल्यासारखं वाटतं, ते खूप खूश होते.

मृण्मयी_ज:
बाबांना ट्रेल ऑफ टाइम दाखवाच! कड्याच्या काठाने सपाट पक्की वाट आहे, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि बाजूला त्या त्या काळातले दगड मांडलेत, हात लावून बघता येतात. सगळ्यात तळाच्या खडकांपैकी एकाचं नाव विष्णू शिस्ट, साधारण १७० कोटी वर्षं जुना. समोरच्या डोंगरांना विष्णू टेंपल, शिव टेंपल ही नावं क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकाने दिली. माझी आई तिथे हात जोडून उभी राहिली होती.

रानवाट:
खूप आभार सगळ्यांचे. दोन रात्री पक्क्या, आज रूम बघतो. बाबांना बोगद्याचं सांगितलं, म्हणाले चालेल, पण काठी माझी मी निवडणार.