शिकारी पक्ष्यांची 'गणना' की 'मोजणी'?

प्रश्न

जॉर्जियातल्या बातुमीवर टिपण लिहिते आहे. काळा समुद्र आणि लघु कॉकेशसचे डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून दर वर्षी दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी दक्षिणेकडे जातात. २००८ पासून तिथे त्यांची नोंद ठेवतात. मथळा दिलाय 'स्थलांतरित ससाण्यांची शरद-गणना'. 'गणना' कानाला बरोबर लागत नाही. शिरगणती? मोजदाद? आणि सगळ्यांना मिळून 'ससाणे' म्हटलेलं चालेल का?

प्रतिसाद

'मोजणी' म्हणा. जनगणना, पशुगणना, व्याघ्रगणना या शब्दांत एका हद्दीत किती आहेत हा प्रश्न असतो, शिरगणतीतही तोच. बातुमीला विचारायचं ते 'गेले किती'.

तिथली पद्धत पाहिली की हे पटेल. साखल्वाशो आणि शुआम्ता या गावांजवळच्या टेकड्यांवर मोजणारे बसतात. ऊन चढलं की तापलेल्या उतारांवरून गरम हवेचे झोत उठतात आणि त्यांत शेकडो मधुबाज (हनी बझर्ड) घिरट्या घालत वर चढतात. समुद्रावर असे झोत मिळत नाहीत, म्हणून तर सगळी गर्दी या पट्टीत. घिरट्या चालू असताना मोजायला गेलात तर एकच पक्षी तीनदा मोजला जाईल. त्यामुळे थांबायचं. पुरेशी उंची गाठली की एकेक पक्षी पंख ताणून दक्षिणेकडे घसरू लागतो, त्यांची रांग लागते. मनाशी धरलेली एक रेषा पक्ष्याने ओलांडली की हातातल्या काउंटरची कळ दाबायची. आपल्या 'मतमोजणी'त एकेक मत हाताखालून जातं, तोच अर्थ इथे हवा. 'मोजदाद' ढोबळ वाटतं. 'मोजदाद नाही' असंच आपण जास्त म्हणतो.

प्रतिसाद

'ससाणे' नको. अमरकोशात 'शशादन', म्हणजे ससे खाणारा, हे श्येनाचं, म्हणजे बाजासारख्या शिकारी पक्ष्याचं, एक नाव आहे आणि ससाणा त्याच्याशी जोडतात. पण आज पक्षीनिरीक्षक ससाणा म्हणतात तो बहिरी, लगड, अमूर या कुळाला. बातुमीवरून लोटतात ते मुख्यतः मधुबाज, घारी आणि बझर्ड, शिवाय भोवत्ये (हॅरियर). 'शिकारी पक्षी' यात सगळे मावतात.

'बाज' हा शब्द मात्र टिपणात आणाच. तो फारसीतून आपल्याकडे आला, आणि बातुमीच्या परिसरात शिकरे-बाशांच्या जातीचे पक्षी पकडून त्यांच्याकडून लाव्यांची शिकार करवणाऱ्यांना 'बाझिएरी' म्हणतात; तोही फारसीतूनच गेलेला. आपल्याकडच्या मीरशिकारांनी, म्हणजे शिकारी पक्षी पाळून शिकार करवणाऱ्यांनी, तर नर-मादीला वेगळी नावं ठेवली होती. बाज ही मादी, तिचा नर जुर्रा. शिकरा मादी, चिपक नर. मादी अंगाने मोठी आणि शिकारीला जास्त उपयोगी, म्हणून जातीला नाव तिचं. ही नावं आता कुणाच्या तोंडी नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

प्रतिसाद

'शरद'वर माझी हरकत आहे. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. बातुमीची मोजणी ऑगस्टच्या मध्याला, म्हणजे बहुधा श्रावणातच सुरू होते. मधुबाजांची लाट ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला येते. आपल्याकडे शरद लागेपर्यंत ते बहुतेक पार झालेले असतात. बझर्ड तेवढे त्यात बसतील. 'परतीच्या हंगामातली मोजणी' कसं वाटतं?

'स्थलांतरित' रुळलाय, हे मान्य. तरी धरणामुळे गाव सोडलेला माणूस स्थलांतरित. दर वर्षी जा-ये करणारा पक्षी 'स्थलांतर करणारा'. आपल्याकडे नोव्हेंबरात लोणावळ्याच्या बाजूला थोडे दिवस दिसणाऱ्या अमूर ससाण्यालाही वर्तमानपत्रं 'पाहुणा' म्हणतात. तो आफ्रिकेला निघालेला असतो. 'वाटसरू' म्हणावं.

प्रतिसाद

'वाटसरू' आवडला. 'परतीच्या' मात्र उलटं होईल. घरटं उत्तरेत, पिल्लं उत्तरेत. मग दक्षिणेला जाणं ही परती कशी? परतीचा प्रवास वसंतातला. परतीच्या पावसामुळे तो शब्द आपल्या तोंडी पटकन येतो, एवढंच.

'दक्षिणायन' घ्या ना. पंचांगाचं दक्षिणायन जुलैच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, त्यात हा सगळा हंगाम येतो, आणि दिशाही नावातच आहे.

प्रश्नकर्ती

मग मथळा 'दक्षिणायनातले वाटसरू: बातुमीच्या शिकारी पक्ष्यांची मोजणी' असा ठेवते. बाज आणि बाझिएरींसाठी वेगळा परिच्छेद करते. जुर्रा, चिपक यांच्यासारखी आणखी नावं कुणाला ठाऊक असतील तर इथे जरूर लिहा, सगळी घेईन.