मदत हवी आहे: चॉकलेटचा घट्ट गोळा झालाय, मुलं खोळंबलीत

हातघाईवर_आई:
उद्या ईस्टर. मुलांना घेऊन चॉकलेटची घरटी करायला बसले. वितळलेल्या चॉकलेटमध्ये कॉर्नफ्लेक्स कालवायचे, कागदी वाट्यांत भरायचे, वर छोटी अंडी ठेवायची, बस. ओव्हन लागत नाही म्हणूनच हे निवडलं. चॉकलेट छान वितळत होतं आणि ढवळता ढवळता एकदम रवाळ गोळा झाला. आता काय करू? टाकून देऊ का? लवकर सांगा, दोघंही चमचे घेऊन बसलेत.

चिमूटभर:
कुठलं चॉकलेट? किती? कसं वितळवलंत? एवढं तरी लिहा, इथून तुमचं भांडं दिसत नाही.

बटणदाबे:
मायक्रोवेव्ह. निम्म्या पॉवरवर ३० सेकंद, बाहेर काढून ढवळा, परत ३० सेकंद. माझं आजवर एकदाही बिघडलेलं नाही.

हातघाईवर_आई:
मायक्रोवेव्ह नाहीये. डार्क, २०० ग्रॅम. उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून, सगळे करतात तसंच.

मंदआच:
पाणी खळखळ उकळत होतं? तिथेच चुकलं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्याला एवढा जाळ कशाला? पाणी तापलं की गॅस बंद करायचा आणि मग वर भांडं ठेवायचं. तळ पाण्याला टेकता कामा नये. मायक्रोवेव्हमध्ये मधलं करपतं आणि बाहेरून कळतही नाही.

बटणदाबे:
न ढवळता ठेवलं तर करपणारच. त्यात यंत्राचा काय दोष?

सालपट:
कांद्याची सालं पाण्यात उकळा, त्यातच अंडी उकडा. सुरेख तांबूस रंग येतो. थोडं व्हिनेगर घालायला विसरू नका.

हातघाईवर_आई:
अहो, मी अंडी रंगवत नाहीये!! चॉकलेटचं सांगा कुणीतरी. तळ टेकत नव्हता.

चिमूटभर:
मग पाणी गेलंय कुठून तरी. चमचा ओला होता का?

हातघाईवर_आई:
धाकट्याने धुऊन दिला होता, पण पुसलाही होता. (स्वतःच्या शर्टाला.) झाकणही होतं वर, त्याशिवाय भरभर कसं वितळणार?

चिमूटभर:
झाकण! हे आधी सांगायचं ना. झाकणाला वाफ धरली आणि थेंब आत पडले. थोडंसं पाणी गेलं की कोको आणि साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून गोळा. टाकू नका. आता उलट आणखी पाणी घालायचं. गरम दूध किंवा पाणी, एकेक मोठा चमचा, घालून जोरात ढवळा. साधारण ५५ ग्रॅमला एक चमचा धरा, म्हणजे तुम्हाला चारेक लागतील. मऊ, चकचकीत होईल.

मंदआच:
होईल, पण कडक सेट होणार नाही. कॉर्नफ्लेक्स त्यात मऊ पडतील. घरटी विसरा.

चिमूटभर:
घरटी नकोतच. साध्या बिस्किटांचा चुरा मिसळा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मुलांकडून अंड्याच्या आकारात वळून घ्या. वरून कोको पावडर.

पंचांगी:
जाता जाता एक. ईस्टर दरवर्षी हलतो, कारण २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार धरतात. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिलमध्येच पडतो. आकाशातली पौर्णिमा आणि चर्चच्या गणितातली पौर्णिमा मात्र कधीकधी जुळत नाही.

बटणदाबे:
हे कुणी विचारलं?

पंचांगी:
मायक्रोवेव्ह तरी कुणी विचारला होता?

चिमूटभर:
ताई, धाकटा किती वर्षांचा?

हातघाईवर_आई:
साडेतीन. का?

चिमूटभर:
वर ठेवायला आणलेली ती छोटी टणक अंडी त्याच्या हाती अख्खी देऊ नका. घशात अडकतात.

हातघाईवर_आई:
झालं!! तिसऱ्या चमच्याला एकदम सुटलं, पाच चमचे लागले. अठरा अंडी वळून झाली. धाकट्याची चार बटाट्यासारखी दिसतायत, पण ती डायनोसोरची आहेत असं त्याचं म्हणणं. टणक अंडी मोठीला दिली, धाकट्याला कळायच्या आत. ही रात्रभर बाहेर ठेवली तर चालतील का?

मंदआच:
दूध घातलंत की पाणी?

हातघाईवर_आई:
दूध. लिहायचं राहिलं.

मंदआच:
मग फ्रिजमध्ये, झाकणाच्या डब्यात. तिथे झाकण लावा.

सालपट:
लाल कांद्याची सालं घेतलीत तर रंग आणखी गडद येतो.