पाइप काढला तरी ब्रॅड नेलरमधून खिळा सुटला, गन खराब आहे का?

हौशी सुतार:
नमस्कार मंडळी. इतके दिवस हातोडी आणि खिळ्यांवर काम भागवलं, आता पहिल्यांदाच हवेवर चालणारी १८ गेजची (गेज म्हणजे खिळ्याची जाडी) ब्रॅड नेलर, म्हणजे ब्रॅड नावाचे बारीक खिळे मारायची गन, घेतलीये आणि सोबत २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर. १८ मिमी प्लायचे ड्रॉवर करतोय, तळाला ६ मिमी प्लाय. माहितीपुस्तिका दोनदा वाचली पण तीन गोष्टी अजून कळत नाहीयेत.
एक, प्रेशर किती ठेवायचं? काही खिळे मिमी-दोन मिमी वर राहतात आणि काही इतके आत जातात की ६ मिमीचा प्लाय जवळजवळ आरपार फाटतो.
दोन, ट्रिगरपाशी एक स्विच आहे, एका बाजूला एकेक खिळा आणि दुसऱ्या बाजूला ट्रिगर दाबून धरायचा आणि नुसतं टेकवत जायचं. दुसऱ्याने काम फार भरभर होतं, तो वापरला तर चालेल ना?
तीन, काल काम संपल्यावर पाइप काढला, गन टाकाऊ तुकड्यावर टेकवून सहज ट्रिगर दाबला आणि खिळा मारला गेला! हवा नसताना कसा काय? गन खराब आलीये का, बदलून मागू का?

पटाशी:
दादा, पहिले दोन प्रश्न नंतर बघू, आधी तिसरा. गन बहुतेक चांगली आहे, जोडणी उलटी आहे. गनच्या मुठीत मागे काय बसवलंय ते बघा. क्विक कपलरचे, म्हणजे पाइप झटकन जोडायच्या-सोडायच्या जोडणीचे, दोन भाग असतात, एक फिमेल कपलर, ज्याच्यावर ती मागे सरकणारी रिंग असते आणि आत झडप असते, आणि दुसरा साधा मेल प्लग, ज्यात झडप नसते, नुसती आरपार नळी. पाइप सुटला की फिमेलमधली झडप आपोआप बंद होते. तुम्ही तो फिमेल भाग गनवर बसवला असणार, म्हणून पाइप काढला तेव्हा झडप बंद झाली आणि मुठीतल्या पोकळीत हवा कोंडून राहिली. तेवढी हवा एका खिळ्याला पुरते.
फिमेल कपलर कायम पाइपाच्या टोकाला, मेल प्लग गनवर. मग पाइप काढताक्षणी गनमधली हवा फुस्स करून निघून जाते आणि गन खरोखर मरते. तो आवाज आला तरच गन सुटी झाली असं समजा.
आज बदलून घ्या. आता मॅगझिन (खिळ्यांची पट्टी बसते तो भाग) उघडून खिळे काढा, मग पाइप काढा, मग गन जाड टाकाऊ लाकडावर टेकवून कोंडलेली हवा संपवा आणि मगच पाना लावा. प्लगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळा, आणि टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपची तुसं आत जाऊन झडपेत अडकतात. नंतर हवा भरून जोडावर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर अजून थोडं आवळा.

रंधेवाली:
पटाशींशी शंभर टक्के सहमत, आधी ते करा. प्रेशरचं सांगते. कॉम्प्रेसरवर दोन गेज असतात, एक टाकीतलं प्रेशर दाखवतं आणि दुसरं रेग्युलेटरनंतर (प्रेशर कमी-जास्त करायच्या नॉबनंतर) पाइपात जाणारं, आपल्याला हे दुसरं बघायचंय. मी ६० ते ७० पीएसआयपासून (पीएसआय हे प्रेशरचं माप) सुरू करते आणि ज्या लाकडावर काम आहे त्याच्याच तुकड्यावर दोन-तीन खिळे मारून बघते, वर राहिला तर ५ पीएसआयने वाढवायचं. डोकं पृष्ठभागाच्या जेमतेम १ मिमी खाली गेलं पाहिजे, म्हणजे वरून लांबी (पुट्टी) भरता येते. गनच्या अंगावर कमाल प्रेशर छापलेलं असतं त्याच्यावर कधीच जायचं नाही. शेवटचा बारीक फरक नोझजवळच्या (नोझ म्हणजे खिळा बाहेर येतो ते गनचं टोक) खोली ठरवायच्या चाकाने करायचा. आणि प्रेशर कमी करायचं असेल तर नॉब आधी हवं त्यापेक्षा खाली न्या, पाइपातली जुनी हवा जाऊ द्या आणि मग वर चढवत आणा, नाहीतर गेज एक सांगतं आणि पाइपात भलतंच असतं.
तुमचे काही वर, काही खोल असं एकाच बैठकीत होतंय म्हणजे दोनपैकी एक, टाकीतलं प्रेशर उतरलेलं असताना तुम्ही मारताय किंवा गन दर वेळी सारखी दाबून धरत नाही आहात. ६ मिमीच्या तळाला २५ मिमीचा खिळा भरपूर झाला. जोड पकडतो तो गोंद, ब्रॅड फक्त गोंद वाळेपर्यंत फळ्या जागेवर धरते, त्यामुळे मोठा खिळा मारून काही कमवत नाही.
तेल टाकायची गन असेल तर रोज काम सुरू करताना हवेच्या तोंडात न्यूमॅटिक टूलचं तेल दोन-तीन थेंब, दुसरं कुठलंही तेल नको. काम संपलं की टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी काढा, ते राहिलं तर टाकी आतून गंजते. आणि कोणी कितीही सांगितलं तरी ऑक्सिजनच्या किंवा कुठल्याच गॅसच्या सिलिंडरवर ही गन लावू नका, स्फोट होतो.

साग आणि शिसम:
स्विचबद्दल मी बोलतो कारण माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीतून ३५ मिमीची ब्रॅड गेलीये. पाइनची चौकट होती, टेकवत जायच्या मोडवर भराभर मारत होतो, डावं बोट कडेला टेकवलेलं. एक खिळा मारला, तो आत गाठीवर आपटला, आकड्यासारखा वळला आणि फळीच्या कडेतून बाहेर येऊन बोटात. दणक्याने गन उडाली, ट्रिगर दाबलेलाच होता, ती परत टेकली आणि दुसरा खिळा पहिल्याच्या शेजारी बसला. तो दुसरा कुठेही जाऊ शकला असता. बोटातला खिळा मी ओढला नाही, तसाच डॉक्टरकडे गेलो, एक्सरे काढून त्यांनी काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तुमच्यावर वेळ आलीच तर तुम्हीही स्वतः उपटू नका.
म्हणून कळकळीने सांगतो, स्विच एकेक खिळ्यावर ठेवा. ओशा आणि नायॉश या अमेरिकेतल्या सरकारी संस्थांनी २०११ साली नेल गनवर मार्गदर्शिका काढली, त्यातही टेकवत मारायच्या ट्रिगरने इजेचा धोका दुप्पट असल्याचं दिलंय. हात खिळ्याच्या जागेपासून ३० सेंमी लांब, एवढं अंतर तुकडा छोटा असल्यामुळे जमत नसेल तर क्लॅम्प लावा. गॉगल प्रत्येक खिळ्याला, कानात प्लग. एका जागेहून दुसरीकडे जाताना ट्रिगरवरून बोट बाहेर. नोझची सेफ्टी, म्हणजे लाकडावर दाबल्याशिवाय गन चालू न देणारा तो सरकता भाग, कधीही बांधून ठेवू नका.

हौशी सुतार:
सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन बघितलं, पटाशी म्हणाले तेच, फिमेल गनवर होतं. बदललं. आता पाइप काढला की फुस्स होतं, दोन-तीनदा मुद्दाम करून ऐकलं. प्रेशर ७५ वर ६ मिमीचा तळ नीट बसतोय. स्विच एकेक खिळ्यावर. एक राहिलं, सेफ्टी नीट चालतेय हे कसं तपासायचं? आणि खिळा नोझमध्ये अडकला तर?

पटाशी:
वा, झकास. खिळे काढून टाका, हवा जोडा, तोंड जाड टाकाऊ लाकडाकडे. आता नोझ हवेत ठेवून नुसता ट्रिगर दाबा, गन चालता कामा नये. मग ट्रिगरला हात न लावता नुसती नोझ लाकडावर दाबा, तरीही नाही. मग आधी नोझ दाबून नंतर ट्रिगर, आता एकदा चालली पाहिजे. शेवटचं, ट्रिगर तसाच धरून गन उचला आणि परत टेकवा, एकेक खिळ्याच्या मोडवर चालली नाही तर ठीक. रिकामी गन चालत नसेल तर खिळे संपल्यावर थांबवणारं लॉक असेल, ते कसं उघडायचं ते पुस्तिकेत बघा. यातलं काहीही चुकलं तर गन दुरुस्तीला द्या, त्या दिवशी काम हातोडीने.
अडकला तर पाइप काढा, फुस्स ऐका, मॅगझिन मागे ओढून खिळ्यांची पट्टी बाहेर, मग नोझवरची कडी उघडून पक्कडने वाकडा खिळा काढा. पाइप लावलेला असताना नोझमध्ये डोकावू सुद्धा नका. सारखा अडकत असेल तर पट्टीतले खिळे त्याच गेजचे आहेत का ते बघा.